ग्राफिक्स कार्डात मेमरी नक्की किती, हे खात्रीनं कसं बघायचं?

हुपरी_नक्षी

नमस्कार मंडळी. हुपरीत चांदीच्या दागिन्यांचं डिझाइन कॉम्प्युटरवर करतो. मॉडेल ऱ्हायनोमध्ये आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र ब्लेंडरमध्ये, सायकल्सवर (ब्लेंडरचं रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार करणारं इंजिन). अंगठी, जोडवी व्यवस्थित निघतात. घुंगरांचं पैंजण किंवा पूर्ण कमरपट्टा घेतला की रेंडर मध्येच थांबतं आणि जीपीयूची (ग्राफिक्स कार्डाच्या प्रोसेसरची) मेमरी संपल्याचा संदेश येतो.

मशीन डेस्कटॉप आहे, विंडोज १०, रॅम १६ जीबी. बिलावर ‘ग्राफिक्स १० जीबी’ लिहिलंय. विंडोजमध्ये एका ठिकाणी १०१७५ एमबी दिसतं, दुसरीकडे २ जीबी दिसतं. खरं कुठलं धरायचं? कार्ड बदलायचं ठरलं तर जुनं घ्यायचा विचार आहे, तेव्हा त्याची मेमरी विकत घेण्याआधी कशी तपासायची तेही सांगा.

राजारामपुरी_बेंच

आधी हे आकडे कुठून आले ते बघू. सेटिंग्ज उघडा, सिस्टीम, डिस्प्ले, खाली जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि तिथं ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर प्रॉपर्टीज’. जी छोटी खिडकी उघडते तिच्यात अ‍ॅडाप्टर या पानावर चार ओळी असतात:

टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी
डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी
सिस्टीम व्हिडिओ मेमरी
शेअर्ड सिस्टीम मेमरी

चारही आकडे आणि कार्डाचं नाव इथं टाका.

हुपरी_नक्षी

नाव जीफोर्स जीटी १०३०. टोटल १०१७५, डेडिकेटेड २०१०, सिस्टीम ०, शेअर्ड ८१६५. सगळे एमबी.

राजारामपुरी_बेंच

मग उत्तर २ जीबी. कार्डावर सोल्डर केलेल्या चिपमध्ये तेवढीच मेमरी आहे.

बाकीचे ८१६५ एमबी म्हणजे तुमच्याच रॅमचा अर्धा भाग. विंडोज ग्राफिक्ससाठी कमाल अर्धी रॅम वापरायची मुभा ठेवतं, म्हणून १६ जीबीच्या मशीनवर ८ च्या आसपास आकडा दिसतो. ३२ जीबी रॅम टाकलीत तर हाच शेअर्ड आकडा १६ च्या जवळ जाईल आणि ‘टोटल’ १८ जीबी दिसेल, कार्ड तेच असूनही. बिलावरचे १० जीबी या दोन्हींची बेरीज आहेत. ही बेरीज ग्राफिक्स कार्डाची मेमरी म्हणून लिहिणं चूक आहे आणि गिऱ्हाइकाची त्यात फसगत होते, हे स्पष्ट सांगतो.

शेअर्ड मेमरी काहीच कामाची नाही असं नाही. पण ती कार्डाच्या बाहेर, मदरबोर्डवर आहे. तिथून डेटा येणार तो पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याच्या) वाटेनं. तिसऱ्या पिढीच्या पूर्ण १६ लेनच्या स्लॉटलाही एका दिशेनं सेकंदाला १६ जीबीच्या आतबाहेर वेग मिळतो, आणि जीटी १०३० तर ४ च लेन वापरतं. त्याउलट आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड स्वतःच्या मेमरीशी सेकंदाला ३६० जीबी वेगानं बोलतं. म्हणून कार्डातली मेमरी भरून काम शेअर्डमध्ये सांडलं की एक तर प्रोग्रॅम नकार देतो, नाहीतर रेंडर रांगायला लागतं.

२०४८ च्या जागी २०१० दिसतात त्याची काळजी नको. थोडी मेमरी ड्रायव्हर आणि कार्ड स्वतःसाठी राखून ठेवतात.

रंकाळा_कट

काम चालू असताना बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, आणि डाव्या बाजूला जीपीयू. खाली ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ आणि ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ असे दोन वेगळे आलेख आहेत. आकडा 1.8/2.0 अशा धर्तीवर असतो, म्हणजे वापरलेली आणि एकूण. हे पान विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरद ऋतूतल्या अपडेटनंतर आलं. त्याआधीच्या आवृत्तीत किंवा फार जुन्या ड्रायव्हरवर जीपीयू दिसतच नाही.

पैंजणाचं रेंडर सुरू करून हे पान शेजारी उघडं ठेवा. डेडिकेटेडचा आलेख छताला टेकेल आणि त्याच क्षणी शेअर्डचा वर चढायला लागेल. तसं दिसलं तर मेमरीच कमी पडते, यात शंका उरत नाही. डेडिकेटेड अर्ध्यावर असतानाच रेंडर पडलं तर दुखणं दुसरं आहे, ड्रायव्हर नाहीतर तापमान.

नवीन कार्ड घेण्याआधी फाइल तपासायचीही गरज आहे. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्स्चर (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र), चार चॅनेल आणि ८ बिट, मेमरीत ६४ एमबी घेतं. डिस्कवर त्याची जेपीईजी ३ एमबीची असली तरी. चांदीच्या चकाकीसाठी जे पर्यावरणाचं (आजूबाजूच्या परिसराचं) चित्र लावता ते ८१९२ गुणिले ४०९६ चं असेल आणि ३२ बिट फ्लोटमध्ये चार चॅनेलनं उतरलं, तर एकटंच ५१२ एमबी खातं. २ जीबीच्या कार्डात पाव हिस्सा तिथंच गेला. ते २ हजार पिक्सेल रुंदीचं वापरा, दागिन्याच्या प्रतिबिंबात फरक जेमतेम कळतो. आणि प्रत्येक घुंगरू वेगळी जाळी (आकाराची मेश) म्हणून कॉपी केलं असेल तर ते लिंक्ड डुप्लिकेट करा, ब्लेंडरमध्ये शिफ्ट-डी च्या जागी ऑल्ट-डी. एकाच घुंगराची जाळी मेमरीत एकदाच राहते.

हुपरी_नक्षी

रंकाळा दादा, ऑल्ट-डी चं माहीत नव्हतं. प्रत्येक घुंगरू वेगळंच आहे फाइलमध्ये. आज बदलून बघतो.

शिरोली_ड्राफ्ट

या धाग्यातच विचारतो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या डिझाइन विभागात बारा-पंधरा मशीन आहेत. सगळ्यांची यादी करायची म्हणून पॉवरशेलमधून ‘विन३२_व्हिडिओकंट्रोलर’ मधला ‘अ‍ॅडाप्टररॅम’ आकडा काढला. ६ जीबी, ८ जीबी, १२ जीबी, कुठलंही कार्ड असो, सगळीकडे ४२९३९१८७२० असाच आकडा येतो. मशीन बदललं तरी तोच. कार्डं बदलून दिलीत की काय अशी शंका यायला लागली.

राजारामपुरी_बेंच

कार्डं जागेवर आहेत भावा, खानाच तोकडा आहे. अ‍ॅडाप्टररॅमचा खाना ३२ बिटचा. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४२९४९६७२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठ्या कार्डाचा आकडा तिथं बसत नाही, म्हणून तो ४०९५ एमबीवर अडकतो. तुमचा आकडा १०४८५७६ नं भागा, बरोबर ४०९५ येईल. जुन्या डब्ल्यूएमआयसी आज्ञेतही हाच खाना वाचला जातो आणि सिस्टीम इन्फर्मेशनच्या खिडकीतही. तिथं काही मशीनवर कंसात १०४८५७६ बाइट्स असा भलताच आकडा दिसतो, त्याचं मूळ हेच: मोठा आकडा ऋण समजून वाचला जातो.

४ जीबीपेक्षा मोठं कार्ड असेल तर या खान्यावर विसंबू नका. यादी करायचीच आहे तर रजिस्ट्रीत ६४ बिटचा खाना आहे. एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, आणि त्यात ४डी३६ई९६८ नं सुरू होणारा फोल्डर, तो डिस्प्ले अ‍ॅडाप्टरचा. आत ००००, ०००१ असे उपफोल्डर, प्रत्येक ड्रायव्हर नोंदीला एक. त्यात ‘हार्डवेअरइन्फर्मेशन’, टिंब, ‘क्यूडब्ल्यूमेमरीसाइझ’ ही नोंद शोधा. आकडा बाइटमध्ये आहे. १०७३७४१८२४ नं भागलं की जीबी. फक्त वाचा, बदलू नका. काढून टाकलेल्या जुन्या कार्डाची नोंदही तिथं पडून असू शकते, तेव्हा ड्रायव्हरचं नाव शेजारच्या ‘ड्रायव्हरडेस्क’ नोंदीत जुळवून घ्या.

मशीन सगळी एनव्हिडियाची असतील तर सोपं काम आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया, आडवी रेघ, एसएमआय असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर. आलेल्या तक्त्यात मधल्या रकान्यात वापरलेली आणि एकूण मेमरी एमआयबीमध्ये असते. १२२८८ म्हणजे १२ जीबी, ८१९२ म्हणजे ८. ही आज्ञा ड्रायव्हरबरोबरच येते, वेगळं काही टाकावं लागत नाही.

शिरोली_ड्राफ्ट

भागून बघितलं, ४०९५ बरोबर. रजिस्ट्रीतले आकडे कार्डांशी जुळले. पंधरा मशीनचा घोर मिटला.

करवीर_रेषा

माझ्याकडे लॅपटॉप आहे, घरांचे आराखडे करते. डेडिकेटेडच्या ओळीत फक्त १२८ एमबी आहे आणि शेअर्ड जवळपास ८ जीबी. दुकानात ‘४ जीबी ग्राफिक्स’ सांगितलं होतं. आता कुणाचं खरं मानायचं?

राजारामपुरी_बेंच

ताई, १२८ एमबी ही इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सची ओळखीची खूण आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते, सगळं रॅममधून घेतो. पण एवढ्यावरून लॅपटॉपात वेगळं कार्ड नाही असं ठरवू नका. ज्या पानावर तुम्ही आकडा पाहिला ते पान पडदा ज्या ग्राफिक्सला जोडलाय त्याचाच आकडा दाखवतं, आणि बहुतेक लॅपटॉपात पडदा इंटेललाच जोडलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन आहेत का बघा. किंवा विंडोज आणि आर बटण दाबून डीएक्सडायग चालवा (इंग्रजीत डी, एक्स, डी, आय, ए, जी). वर डिस्प्ले आणि त्याच्या शेजारी ‘रेंडर’ असं वेगळं पान असेल तर दुसरं कार्ड तिथं सापडेल.

करवीर_रेषा

जीपीयू १ आहे. आरटीएक्स ३०५०, लॅपटॉप. डेडिकेटेड ४.० जीबी.

राजारामपुरी_बेंच

मग दुकानदार खरं बोलला. ३०५० लॅपटॉप ४ जीबीतही येतो आणि ६ जीबीतही, नाव एकच. डेस्कटॉपला तेच नाव ६ आणि ८ जीबीत आहे. नावावरून मेमरी ठरवायची नाही, हे यासाठी.

आता सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जाऊन तुमचा आराखड्याचा प्रोग्रॅम निवडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ लावा. नाहीतर प्रोग्रॅम इंटेलवरच चालतो आणि ४ जीबीचं कार्ड झोपून राहतं.

कागल_बायोस

अंगभूत ग्राफिक्सबद्दल दोन गोष्टी. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये डेडिकेटेड आकडा ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी असा दिसतो, तो बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) येतो. बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ अशी ओळ असते. तिथं २ जीबी केलंत तर रॅममधले २ जीबी कायमचे कापले जातात. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ मध्ये ते दिसतात. ८ जीबी रॅमच्या मशीनवर हे करणं तोट्याचं. एखादा प्रोग्रॅम डेडिकेटेड आकडा बघूनच चालू व्हायला नकार देत असेल तेवढ्यापुरता याचा उपयोग.

दुसरं, रजिस्ट्रीत ‘डेडिकेटेडसेगमेंटसाइझ’ नावाची नोंद घालून ५१२ किंवा १०२४ लिहा, ग्राफिक्स मेमरी वाढते, असे व्हिडिओ भरपूर फिरतात. मेमरी एक बाइटनंही वाढत नाही. प्रोग्रॅमला दाखवायचा आकडा तेवढा बदलतो. अंगभूत ग्राफिक्सला खरा वेग हवा असेल तर एकाच्या जागी दोन रॅम पट्ट्या लावा. रॅमची वाट दुप्पट रुंद होते आणि त्याचा फायदा ग्राफिक्सला लगेच मिळतो.

आणि वेगळ्या कार्डाची मेमरी वाढवता येत नाही. चिप सोल्डर केलेल्या असतात, रॅमसारखा स्लॉट नाही.

इचल_लिनक्स

लिनक्सवाल्यांसाठी. एलएसपीसीआय ही आज्ञा सविस्तर चालवली की ग्राफिक्स कार्डाखाली मेमरीच्या दोन-तीन ओळी येतात आणि त्यात ‘साइझ=२५६एम’ असं दिसतं. पुष्कळ लोक तो कार्डाचा आकडा समजतात. ती फक्त प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत डोकवायला दिलेली खिडकी आहे, ८ जीबीच्या कार्डालाही २५६ एमबीचीच. बायोसमध्ये रिसाइझेबल बार चालू असेल तरच ही खिडकी पूर्ण मेमरीएवढी होते.

खरा आकडा हवा तर मेसा-यूटिल्स पॅकेज टाका आणि जीएलएक्सइन्फो मोठ्या बी च्या पर्यायासह चालवा, ‘डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी’ ची ओळ वाचा. एएमडीच्या कार्डाला तर काही टाकायचीही गरज नाही: सिस, क्लास, डीआरएम, कार्ड०, डिव्हाइस या वाटेनं गेलं की ‘मेम_इन्फो_व्हीरॅम_टोटल’ नावाची फाइल आहे, तिच्यात बाइटमध्ये आकडा असतो. दोन ग्राफिक्स असतील तर कार्ड१ बघा.

गूगलच्या कोलॅबवर टी४ कार्ड मिळतं, ते १६ जीबीचं. पण एनव्हिडियाच्या आज्ञेत १५३६० दिसतात. तिथं मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी ईसीसी चालू असते आणि तिच्यासाठी हिस्सा जातो. कार्ड कमी दिलंय असं नाही.

पन्हाळा_पिक्सेल

मॅकचं काय? भावाचा एम१ मॅकबुक आहे, कुठंच व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) सापडत नाही.

इचल_लिनक्स

सापडणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ पासून प्रोसेसर आणि ग्राफिक्सची मेमरी एकच आहे. ‘अबाउट धिस मॅक’ मध्ये मेमरी ८ जीबी असेल तर त्यातूनच दोघांचं भागतं. जुन्या इंटेल मॅकवर तिथूनच सिस्टीम रिपोर्टमध्ये जा, ग्राफिक्स-डिस्प्लेज, आणि व्हीरॅमची ओळ.

हुपरी_नक्षी

घुंगरांची फाइल ऑल्ट-डी नं नवीन केली आणि पर्यावरणाचं चित्र लहान केलं. पैंजण आता २ जीबीत रेंडर होतंय, डेडिकेटेड १.७ पर्यंत जातं. कमरपट्टा अजून नाही होत. तेव्हा कार्ड घ्यायचंच आहे. जुन्यात दोन समोर आहेत: आरएक्स ५८० ८ जीबी आणि आरटीएक्स ३०६० १२ जीबी. ५८० बरंच स्वस्त आहे. घेताना काय काय बघू?

रंकाळा_कट

५८० सोडून द्या. खेळायला ठीक, पण ब्लेंडरचं सायकल्स त्या पिढीच्या एएमडी कार्डावर जीपीयूनं चालतच नाही. ब्लेंडर २.९३ पर्यंत ओपनसीएल (एएमडी कार्डावर रेंडर करायची जुनी सोय) होतं, २०२१ च्या शेवटी आलेल्या ३.० मध्ये ते काढलं, आणि त्या जागी आलेल्या एचआयपीमध्ये ५८० बसत नाही. ८ जीबी असून तुमच्या कामाला शून्य. मेमरीचा आकडा बघण्याआधी आपला प्रोग्रॅम कार्डाला ओळखतो का ते बघायचं.

राजारामपुरी_बेंच

जुनं कार्ड तपासायची रीत नीट लिहितो, कारण पैसे इथंच बुडतात.

पहिलं, कार्ड चालू मशीनमध्ये लावूनच बघायचं. फोटोवर, खोक्यावर, मागच्या स्टिकरवर विश्वास नाही. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) घेऊन जा, ते फुकट आहे आणि इन्स्टॉल न करता चालतं. त्याच्या पहिल्या पानावर मेमरी साइझ, मेमरी टाइप, बस विड्थ (मेमरीची वाट किती बिट रुंद), बँडविड्थ (सेकंदाला किती जीबी) आणि शेडर्स (चिपमधले कोअर), हे पाच खाने वाचायचे. नुसता मेमरी साइझ वाचून थांबू नका. बनावट कार्डाच्या बायोसमध्ये खोटा आकडा लिहिलेला असतो, ड्रायव्हर तो खरा मानतो, आणि विंडोजपासून जीपीयू-झेडपर्यंत सगळे तोच दाखवतात.

बनावटगिरीची ठरलेली पद्धत म्हणजे २०१०-११ चं जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय, १ जीबीचं, त्याच्यावर बायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी असं नाव. जीपीयू-झेड २०१८ पासून अशा कार्डाच्या नावाआधी इंग्रजीत ‘फेक’ लिहितं, म्हणून नवीन आवृत्ती न्या, जुनी नको. डोळ्यांना दिसणारी खूण पण आहे: १० मालिकेपासून एनव्हिडियाच्या चिपमधून जुन्या निळ्या व्हीजीए पोर्टचं अ‍ॅनालॉग आउटपुटच काढलेलं आहे. १०५० टीआय म्हणून दिलेल्या कार्डाला व्हीजीए पोर्ट दिसला की हात जोडा आणि निघा.

आता मेमरीचं गणित. जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६ ची प्रत्येक चिप ३२ बिटची. बस विड्थ भागिले ३२ केलं की किती चिप ते कळतं. ३०६० च्या १२ जीबीत १९२ बिट, म्हणजे ६ चिप, प्रत्येकी २ जीबी. २५६ बिटचं ५८० असेल तर ८ चिप. १ जीबीच्या असतील तर ८ जीबी, अर्ध्या जीबीच्या असतील तर ४. मेमरी आणि बस विड्थ एकमेकांशी जुळत नसतील, समजा १२ जीबी आणि १२८ बिट, तर विचारायचं, कसं काय? बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिप लावून दुप्पट केलेली कार्डं असतात, ४०६० टीआयचं १६ जीबी तसंच आहे, १२८ बिट आणि ८ चिप. पण ती अशी प्रसिद्ध, ठरलेली मॉडेल्स आहेत.

चिपवरचा नंबर वाचता आला तर पुरावाच. सॅमसंगच्या जीडीडीआर५ चिपवर के४जी८० नं सुरू होणारा नंबर म्हणजे ८ गिगाबिट, १ जीबी. के४जी४१ म्हणजे ४ गिगाबिट, अर्धा जीबी. पण त्यासाठी हीटसिंक काढावा लागतो, थर्मल पॅड फाटतात, वॉरंटीचं सील तुटतं. विकणाऱ्याच्या परवानगीशिवाय स्क्रूला हात लावू नका. बहुतेक वेळा पुढची चाचणी पुरते.

ती अशी: मेमरी प्रत्यक्ष भरून बघायची. मेमटेस्ट_व्हल्कन नावाचा छोटा मुक्त प्रोग्रॅम आहे, तो कार्डातली मोकळी मेमरी जवळपास पूर्ण व्यापतो, लिहितो, परत वाचतो आणि चूक आली की ओरडतो. पाच मिनिटांची साधी चाचणी बिनचूक पार झाली पाहिजे. ओसीसीटीमध्येही व्हीरॅमची चाचणी आहे, तिथं किती टक्के मेमरी भरायची ते ठरवता येतं, ९० च्या आसपास ठेवा. आकडा खोटा असेल तर खऱ्या मेमरीच्या पुढं गेल्यावर पडदा काळा होतो, चौकटी-रेघा उमटतात किंवा ड्रायव्हर कोसळतो. आणि वर सांगितलेल्या जुन्या चिपवर व्हल्कन (हा प्रोग्रॅम ज्या ग्राफिक्स प्रणालीवर चालतो ती) चालतच नाही, तेव्हा पहिला प्रोग्रॅम सुरूच झाला नाही तर तीही खूणच.

शेवटचं, आपल्या कोल्हापुरापुरतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली गेलेला माल धुऊन-वाळवून अजूनही हात बदलत असतो. कार्ड उलटं करून उजेडात धरा. चिपच्या कडेला आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मुळाशी पिवळसर गाळ, स्क्रूंवर गंज, सोनेरी पट्टीवर हिरवट-पांढरे डाग दिसले तर मेमरी आज पूर्ण दिसत असली तरी घेऊ नका. बीजीए (तळाशी सोल्डरचे गोळे असलेल्या) चिपच्या खालचा गाळ निघत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की चुका सुरू होतात.

शिरोली_ड्राफ्ट

बस विड्थसाठी जीपीयू-झेड नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये हेल्प, सिस्टीम इन्फर्मेशन. तिथं डेडिकेटेड मेमरी, तिचा प्रकार, इंटरफेस बिटमध्ये आणि बँडविड्थ सगळं एका जागी आहे. आमच्याकडच्या नोंदींसाठी आता हेच वापरतोय.

करवीर_रेषा

मेमरी समान, पण प्रकार वेगळा असेल तर किती फरक पडतो?

राजारामपुरी_बेंच

खूप. नक्षी भाऊंचंच जीटी १०३० घ्या. २ जीबी जीडीडीआर५ मध्ये आलं, सेकंदाला ४८ जीबी. मग त्याच नावानं २ जीबी डीडीआर४ मध्ये आलं, १७ च्या आत. दोन्ही ६४ बिट, दोन्हींवर २ जीबीच लिहिलेलं. तिप्पट फरक खोक्यावरच्या बारीक अक्षरात. आणि जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी बघा, तिथं मेमरीबरोबर चिपही कापली होती: ११५२ आणि १२८० कोअर. म्हणून शेडर्सचा खानाही वाचायचा म्हटलं.

जीटीएक्स ९७० हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण. सप्टेंबर २०१४ मध्ये ४ जीबी म्हणून आलं. चिप खरंच ४ जीबीच्या होत्या, पण त्यातला ३.५ जीबीचा भाग वेगवान आणि शेवटचा अर्धा जीबी बराच मंद. जानेवारी २०१५ मध्ये एनव्हिडियानं ते मान्य केलं, पुढं अमेरिकेत दावा होऊन तडजोड झाली. टास्क मॅनेजर आजही त्याला ४ जीबीच दाखवतो. आकडा खोटा नाही, पण शेवटच्या अर्ध्या जीबीच्या भरवशावर काम आखू नका.

हुपरी_नक्षी

३०६० बघायला गेलो होतो, जीपीयू-झेड नेलं. खोक्यावर १२ जीबी आहे. जीपीयू-झेडमध्ये: मेमरी साइझ ८१९२ एमबी, जीडीडीआर६, बस विड्थ १२८ बिट, बँडविड्थ २४०, शेडर्स ३५८४. विकणारा म्हणतो, ड्रायव्हर जुना आहे म्हणून कमी दाखवतो, अपडेट केलं की १२ होतील. पैसे अजून दिले नाहीत.

राजारामपुरी_बेंच

देऊ नका, निदान १२ जीबीच्या भावानं तरी. ड्रायव्हरचा काही संबंध नाही. ड्रायव्हर अजिबात नसेल तर विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असं नाव दाखवतं आणि मेमरीचा आकडाच धड येत नाही. इथं नाव, प्रकार, बँडविड्थ सगळं आलंय, म्हणजे ड्रायव्हर काम करतोय.

तुमचे आकडे आपापसात नेमके जुळतात: १२८ भागिले ३२ म्हणजे ४ चिप, प्रत्येकी २ जीबी, ८ जीबी. वेगही दोन-तृतीयांश, ३६० चे २४०. हे ३०६० चं ८ जीबीचं मॉडेल आहे, कंपनीनंच काढलेलं, बनावट नाही. शेडर्स दोन्हींना ३५८४ च असल्यामुळे नुसतं शेडर्स बघून फरक कळला नसता. खोकं मात्र दुसऱ्या कार्डाचं आहे. कार्डावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळवा, जुळणार नाही.

रंकाळा_कट

कमरपट्ट्यासाठी ८ जीबी पुरतील का, हे आत्ताच मोजता येईल. ब्लेंडरमध्ये डिव्हाइस सीपीयूवर ठेवून तीच फाइल रेंडर करा, वर ‘मेम’ आणि ‘पीक’ चे आकडे येतात. पीक ५ ते ६ जीबीच्या आत असेल तर ८ चं कार्ड चालेल. विंडोज, ब्राउझर आणि ऱ्हायनो मिळून एखादा जीबी खातातच.

हुपरी_नक्षी

सीपीयूवर पीक ६.९ जीबी आला. म्हणजे १२ चंच बघायला हवं. सिरियल नंबर जुळला नाही, कार्ड परत दिलं. दुसऱ्या एकाकडं १२ जीबी आहे: १२२८८, १९२ बिट, ३६०, ३५८४. मेमटेस्ट पाच मिनिटं चाललं, चूक नाही. गाळ-गंज काही नाही. अजून काही?

कागल_बायोस

सिरियल जुळवा आणि घ्या. पण घरी लावण्याआधी एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) बघा. जीटी १०३० ला फक्त ३० वॉट लागतात, वेगळी पॉवर वायर नसते, म्हणून त्या मशीनला बहुधा साधाच एसएमपीएस दिलेला असेल. ३०६० ला १७० वॉट लागतात, एनव्हिडिया पूर्ण मशीनसाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवतं, आणि बहुतेक कार्डांना ८ पिनचा एक पॉवर कनेक्टर लागतो. एसएमपीएसमधून ६+२ पिनची पीसीआय-ई वायर निघालेली पाहिजे. जवळपास तसाच दिसणारा ४+४ पिनचा कनेक्टर प्रोसेसरचा असतो, त्याचे प्लस-मायनस उलटे आहेत, तो दाबून बसवायचा नाही. मोलेक्सवरून ८ पिन करणारी जोडवायरही नको. वायर तापते, आणि रेंडर ऐन भरात असताना मशीन बंद पडतं.

कार्ड बसल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नको. जुना ड्रायव्हर काढून नवीन टाका, मग ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीमखाली ऑप्टिक्स (एनव्हिडियाची रेंडर पद्धत) निवडून कार्डावर टिचकी द्या.

हुपरी_नक्षी

एसएमपीएस ४५० वॉटचा निघाला, ६+२ वायर नाही. ५५० चा नवीन घेऊन मगच कार्ड लावतो. कमरपट्ट्याच्या रेंडरला डेडिकेटेड किती गेली तो आकडा इथं टाकतो.